गाणं बदललं की गिटार का बदलते?

जून महिन्याचा शेवटचा आठवडा आला की पंचमच्या गाण्यांच्या कार्यक्रमांना जोर चढतो. राहुलदेव बर्मन यांचा जन्म २७ जून १९३९ चा, स्मृतिदिन ४ जानेवारीचा. वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांना या दोन तारखा पाठ असतात. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह असो की कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, अशा कार्यक्रमात थोडा वेळ गायकावरची नजर काढून गिटारवादकाकडे बघावं. त्याच्या मागे स्टँडवर दोन, कधी तीन इलेक्ट्रिक गिटारी असतात. निवेदक बोलत असतो तेवढ्यात तो गळ्यातली उतरवून दुसरी चढवतो, केबल लावतो, सूर तपासतो. प्रेक्षकांना ही हौस वाटते. घरच्यांना तर नक्कीच वाटते. डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्ये कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तिसरी गिटार येऊन बसली, की "आधीच्या दोन होत्या ना, त्यांचं काय झालं?" हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला नीट उत्तरही आहे.

बासरीवादकाच्या पिशवीत आठ-दहा बासऱ्या असतात. तबलजी गायकाची पट्टी विचारून त्याप्रमाणे तबला घेऊन येतो. त्यांना कोणी असा जाब विचारत नाही, कारण पट्टी बदलली की वाद्य बदलावं लागतं हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. गिटारचं तसं नाही. तिच्या दांडीवर प्रत्येक अर्ध्या स्वराला एक फ्रेट आहे; काळी एक असो वा पांढरी पाच, एकाच गिटारवर सगळं वाजतं. म्हणजे इथे कारण पट्टी नव्हे, आवाजाचा पोत आहे. आणि तो पोत कुठे ठरतो, हे समजून घ्यायला गिटारच्या पोटात डोकवावं लागतं.

इलेक्ट्रिक गिटारला माइक नसतो. तारांच्या खाली पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. नायलॉनची तार लावली तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही. ही क्षीण वीज केबलमधून अ‍ॅम्पकडे जाते आणि तिथे मोठी होते.

आता त्या पिकअपची जागा बघा. तार ब्रिजपाशी, म्हणजे जिथे ती बांधलेली असते तिथे, फार कमी झुलते. तिथल्या पिकअपला टोकदार, चिरत जाणारा आवाज मिळतो. दांडीकडच्या पिकअपला तार मोकळी झुलताना सापडते. तिथला आवाज भरीव आणि गोल. पुढे अ‍ॅम्प किंवा प्रोसेसर कितीही भारी असला तरी पिकअपने जे पकडलंच नाही ते त्याला नंतर घालता येत नाही. जे आलं आहे ते वाढवता येतं, कापता येतं, विस्कटता येतं. मला विचाराल तर गिटारची निवड म्हणजे मुख्यतः पिकअपची निवड. रंग आणि चकाकी यांचा नंबर फार नंतर.

पिकअपची दोन मोठी घराणी आहेत. पहिलं सिंगल कॉइलचं. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५० च्या सुमाराला जी गिटार काढली ती लवकरच टेलिकास्टर नावाने प्रसिद्ध झाली, आणि १९५४ मध्ये तीन सिंगल कॉइल असलेली स्ट्रॅटोकास्टर आली. आवाज स्वच्छ, काचेसारखा लखलखीत. कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा ऐकू येतो. स्ट्रॅटोकास्टरच्या खटक्याला सुरुवातीला तीनच जागा होत्या. वादकांनी तो दोन जागांच्या मधोमध अडकवून बघितला, दोन पिकअप एकत्र बोलू लागले आणि एक वेगळाच, किंचित अनुनासिक सूर सापडला. वादक वर्षानुवर्षं तसंच करत राहिले. कंपनीने पाच जागांचा खटका दिला तो १९७७ मध्ये. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत तालासोबत खणखणत जाणारे गिटारचे तुकडे आजच्या मंचावर वाजवायचे तर याच घराण्याकडे जावं लागतं.

पण सिंगल कॉइलला एक खोड आहे, आणि आपल्या नाट्यगृहांत, मांडवांत आणि जुन्या इमारतींत ती फार छळते. वेढ्यांची ती गुंडाळी तारेचं कंपन पकडते तशी आजूबाजूच्या विजेची भुणभुणही पकडते. आपला घरगुती पुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा. गाणं थांबलं की तोच खर्ज स्पीकरमधून ऐकू येतो. रंगमंचावरच्या दिव्यांचे डिमर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुन्या ट्यूबलाइटचे चोक हे सगळे त्यात आपली भर घालतात. गणपतीच्या मांडवात तात्पुरती वायरिंग आणि जनरेटर असला की विचारूच नका. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होते हे प्रत्येक वादकाने अनुभवलेलं असतं. तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणून हात लागला की वादकाचं शरीरही अर्थ होतं. मात्र इमारतीचं अर्थिंगच बिघडलेलं असेल तर मामला जिवावर बेतू शकतो. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठांपाशी माइक असताना झटका बसणं ही खरोखरची शक्यता आहे. जुन्या घरात नवा अ‍ॅम्प लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, हे मी हात जोडून सांगेन.

या भुणभुणीवर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी उपाय शोधला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलटे, चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरची भुणभुण दोन्हींत उलटसुलट येते आणि एकमेकींना खोडते. तारेचा आवाज मात्र दुप्पट जोरात येतो. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या गिटारींवर बसू लागले. 'हम' म्हणजे भुणभुण आणि तिला चकवणारा तो हमबकर. लेस पॉल ही १९५२ ची गिटार जगभर गाजली ती यानंतरच्या रूपात. हमबकरचा आवाज जाड, दमदार. डिस्टॉर्शन लावलं की तो फाटत नाही, गळा भरून येतो. 'रॉकस्टार' (२०११) मधल्या 'साड्डा हक'ला ऑस्ट्रेलियाच्या ओरिआन्थीने जी धगधगती गिटार वाजवली, तसं काही वाजवायचं तर सिंगल कॉइल अपुरा पडतो. उलट हमबकरवर नाजूक, झिरमिळ्या कॉर्ड वाजवायला गेलं की कडा बोथट होतात, कारण दोन कॉइलमध्ये वरच्या पट्टीची चमक थोडी हरवते. एकाच संध्याकाळी १९७१ चं 'दम मारो दम' आणि २०११ चं 'साड्डा हक' वाजवणाऱ्या माणसाने दोन गिटारी आणल्या, तर त्याने चैन केली असं मला वाटत नाही.

याशिवाय अर्धपोकळ गिटारी आहेत. गिब्सनची १९५८ ची ईएस-३३५ त्यातली सर्वांत नावाजलेली. जॅझ आणि ब्लूजसाठी त्यांचा उबदार आवाज अप्रतिम, पण मोठ्या स्पीकरसमोर त्या लवकर शिट्टी मारतात. आपल्याकडच्या जोरकस मंचावर त्यांचं काम थोडं.

पिकअपनंतर महत्त्वाची असते तारेची लांबी, आणि तिच्याकडे दुकानात फारसं कोणी लक्ष देत नाही. फेंडर पद्धतीच्या गिटारवर तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, गिब्सन पद्धतीच्या गिटारवर साधारण ६२८. फरक दोन सेंटिमीटरचा, पण त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर लहान गिटारवर ताण सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. बोटांना तो फरक लगेच कळतो. मींड घेताना, तार ओढून स्वर चढवताना, ६२८ वाली गिटार ऐकते. ज्यांचं कान-मन हिंदुस्थानी गाण्यावर पोसलं आहे आणि ज्यांना गिटारवर गळ्यासारखं गायचं आहे, त्यांनी ही गोष्ट हातात धरून बघावी.

तिसरी गिटार बहुतेकदा येते ती ट्यूनिंगसाठी. हेवी मेटल वाजवणारी मुलं सगळ्यात जाड तार खाली उतरवतात. नेहमीच्या लागणीत ती तार सेकंदाला ८२ कंपनं देते. ती 'सी'पर्यंत उतरवली की ६५. तेवढ्यानेच तारेचा ताण ३७ टक्क्यांनी घटतो आणि तार लोंबकळते, फ्रेटवर आपटते. म्हणून जाड तारांचा संच घ्यावा लागतो. मग नटच्या खाचा, दांडीतला ट्रस रॉड, ब्रिजची उंची सगळं पुन्हा जुळवावं लागतं. त्यात फ्लॉइड रोज पद्धतीचा तरंगता ब्रिज असेल तर एका तारेचा ताण बदलताच बाकी पाचही तारा सुरातून जातात. दोन गाण्यांच्या मधल्या मिनिटभरात हे होणं अशक्य. उतरवलेल्या लागणीसाठी वेगळी गिटार तयार ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग.

या सगळ्याच्या विरोधात एक भक्कम साक्षीदार आहे, आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच एक गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला आहे. पण तिची वायरिंग बघावी: तीन पिकअप, प्रत्येकाला चालू-बंदचा वेगळा खटका आणि दिशा उलटवण्याचा आणखी एक. म्हणजे एकाच लाकडात त्याने अनेक गिटारी वसवल्या. पैसे आणि जागा दोन्ही कमी असलेल्या मुलांसाठी याच विचाराची साधी आवृत्ती बाजारात आहे: ब्रिजपाशी हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतल्या सुरुवातीच्या गिटारी अशाच असतात. पहिली गिटार हीच घ्यावी असं मी बेधडक सांगेन. ती प्रत्येक आवाजाच्या जवळपास जाते, आणि कुठे पोचत नाही हे वादकाला स्वतःच्या कानाने कळतं. दुसरी कोणती घ्यायची ते तिथूनच ठरतं.

आमच्या पट्ट्यात आणखी एक निकष लागतो: लोकल. धोबीतलावला, म्हणजे व्हीटीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे आणि तिथेच ते रंगभवन, जिथे १९८६ मध्ये इंडिपेन्डन्स रॉक सुरू झालं. ठाण्या-डोंबिवलीच्या कित्येक मुलांची पहिली गिटार मध्य रेल्वेने घरी आली. संध्याकाळच्या गर्दीत गिटार पाठीवर न ठेवता छातीशी घ्यावी लागते, आणि तिथे बनावटीतला फरक भारी पडतो. गिब्सन पद्धतीच्या गिटारचं डोकं साधारण १७ अंशांनी मागे झुकलेलं, दांडी महोगनीची, आणि नेमकं डोक्यापाशी ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं. मागून धक्का बसला की ती तिथेच मोडते. जगभरच्या दुरुस्तीवाल्यांकडे ही तक्रार रोजची. फेंडर पद्धतीची दांडी मेपलची, डोकं सरळ, आणि ती धडाला स्क्रूने जोडलेली. मोडलीच तर बदलता येते. लेस पॉल चार किलोच्या घरात जाते ते वेगळंच. रोज प्रवास करणाऱ्याने हमबकर हवाच असेल तर तो स्क्रूच्या दांडीच्या गिटारवर घ्यावा, किंवा कठीण पेटी घेऊन उतरत्या गर्दीची वेळ निवडावी.

घरात एवढं वाजवायचं कुठे, हा प्रश्न प्रोसेसर आणि हेडफोनने सोडवला आहे. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवाय जेमतेम कुजबुजते. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी असते, सोसायटीत भिंतीला भिंत लागून असते. हेडफोन लावला की त्यातलं कोणीच जागं होत नाही. विजेच्या तारवाद्याचा गोंगाट आपल्याला परका नाहीच म्हणा. जपानमध्ये नागोयात १९१२ साली जन्मलेलं ताइशोगोतो इकडे बुलबुलतरंग झालं आणि त्याला पिकअप लागल्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीतला बेंजो झालं. टाइपरायटरसारखी बटणं असलेली ती लाकडी पेटी नुसती वाजवली तर ताशापुढे ऐकूही येणार नाही. टेम्पोवरच्या कर्ण्यातून ती अख्खा रस्ता हलवते, ते पिकअपमुळेच.

गिटारी वाढल्या की पावसाळ्याचं काम वाढतं. जून ते सप्टेंबर खाडीकाठची हवा तारांना गंज चढवते, लाकूड ओल धरतं, दांडी थोडी हलते आणि तारा एकतर वर उचलतात नाहीतर फ्रेटवर खरखरतात. बाहेरच्या, पाझरणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि ऑक्टोबरमध्ये एकदा जाणत्या माणसाकडून सेटअप करून घ्यावा. या देखभालीला वेळ नसेल तर संख्या वाढवू नये. गंजलेल्या तारांच्या चार गिटारींपेक्षा नीट लावलेली एक कितीतरी चांगली वाजते.

दुसरी गिटार घ्यायला जाताना पहिली सोबत न्यावी. दुकानदाराला सगळे इफेक्ट बंद करायला सांगावं, अ‍ॅम्पचा आवाज साधा ठेवावा आणि दोन्हींवर तेच एक गाणं वाजवावं, जे पहिलीवर मनासारखं येत नाही ते. नवीवर ते चुटकीसरशी आलं तर घ्यावी. फरक ऐकायला कान ताणावे लागत असतील, तर ते पैसे पहिलीच्या पिकअपवर आणि चांगल्या सेटअपवर घालावेत.