रोव्हरच्या मालकाचं गाव

वॉल्टन-ऑन-टेम्स : लंडनहून आगगाडीनं जेमतेम अर्ध्या तासावरचं हे नदीकाठचं गाव. इथल्या हर्स्ट ग्रोव्ह या गल्लीत एक छोटं नाट्यगृह उभं आहे. ही इमारत म्हणजे चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचं जुनं वीजघर. मुळात स्टुडिओ सुरू झाला तो घरामागच्या बागेत, फळ्यांच्या चौथऱ्यावर, उन्हाच्या भरवशावर.

हेपवर्थ यांचे वडील मॅजिक लँटर्नचे खेळ करीत. मुलानं 1897 मध्येच हलत्या चित्रांवर पुस्तक लिहिलं. पुढे स्वतःच निर्माता, दिग्दर्शक आणि गरज पडेल तेव्हा नट! 1903 च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये ते बेडकाचा मुखवटा चढवून हुजऱ्या झाले.

खरं नाव झालं ते ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’नं, 1905 मध्ये. दिग्दर्शन लेविन फिट्झहॅमन यांचं. बाकी सारा घरचा कारभार. गोष्ट पत्नी मार्गारेट यांची, आईही त्याच. बाप हेपवर्थ, बाळ त्यांची लेक आणि रोव्हर म्हणजे घरचाच कुत्रा ब्लेअर. भिकारीण बाळ पळवते. कुत्रा गल्ल्या पालथ्या घालतो, नदी पोहून जातो, माळ्यावर बाळ शोधतो आणि धन्याला ओढून आणतो. धनी मात्र नावेतून. एकेका दृश्याला दुसरं इतकं नेमकं जोडलेलं की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ती वाट बसते. खर्च 7 पौंड 13 शिलिंग 9 पेन्स. तेव्हा इथे प्रती भाड्यानं देत नसत, सरळ विकत. मागणी एवढी की निगेटिव्ह झिजली. चित्रपट आणखी दोनदा नव्यानं चित्रित करावा लागला.

1912 मध्ये दादासाहेब फाळके चित्रपटतंत्र शिकायला याच वॉल्टनला आले. हेपवर्थनी त्यांना स्टुडिओ मोकळेपणानं दाखवला, आणि या औदार्याचं मोल मराठी माणसानं विसरू नये. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यातला रोहिदास फाळक्यांचाच मुलगा.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी चित्रपटांनी इथली थिएटरं व्यापली. त्यांची गती वेगळी होती. हेपवर्थना मात्र दृश्य तोडणं रुचत नसे. ते हलकेच विरत जावं, हीच त्यांची आवड. 1924 मध्ये कंपनी बुडाली. निगेटिव्ह वितळवण्यासाठी विकल्या गेल्या, वीसेक वर्षांचं काम त्यात गेलं. पुढे ते इतरांच्या चित्रपटांचे ट्रेलर बनवत राहिले.

‘ॲलिस’ची एकच प्रत हाती लागली, तीही अपुरी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं 2010 मध्ये ती दुरुस्त केली. डागाळलेल्या त्या फितीत बेडूक-हुजऱ्या अजून दिसतो.