लोखंड कुठं भिजलं होतं

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, ५०० मिलिमीटर भरला तर साल चांगलं गेलं म्हणतात. टँकर, चारा छावण्या, पोटासाठी मुंबई गाठलेली माणसं हे सगळं या तफावतीतून आलेलं आहे. लोखंडाला मात्र ही कोरडी हवा मानवते. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली गेली की उघड्या लोखंडावर गंज चढायचा वेग एकदम मंदावतो, आणि माणमध्ये पावसाळा सोडला तर दुपारची हवा बहुतेक त्याखालीच असते. कोकणात थोड्याच पावसाळ्यांत जिची चाळण झाली असती, अशी जीप इथं बाभळीखाली कित्येक वर्षं उभी राहूनही सांगाड्यानं शाबूत सापडते.

आमच्या वस्तीवरची जीप तशीच सापडली. दहिवडीहून म्हसवडकडं जाताना गोंदवल्याच्या अलीकडं आत वळलं की आमची वस्ती. जीप अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. महिंद्राची पेट्रोलवरची जुनी ३बी. लग्नाची वऱ्हाडं, निवडणुका, अडलेली बाळंतीण, शिंगणापूरची यात्रा असं सगळं तिनं केलं. पुढं वडापला लांब बॉडीच्या डिझेल जीपा आल्या, पेट्रोल परवडेना, आणि ही गोठ्याच्या भिंतीला जी टेकली ती तिथंच राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

या मॉडेलचं बॉनेट उंच का, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. युद्धातल्या विलिस जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच होते. अमेरिकेत १९५३ साली आलेल्या सीजे-३बीला नवं ‘हरिकेन’ इंजिन बसवलं. सिलिंडर चार, क्षमता तीच २१९९ सीसी, पण हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह आता वर हेडमध्ये गेले आणि धूर बाहेर टाकणारे खालीच राहिले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल बंद झालं तरी महिंद्रानं ते आपल्याकडं कितीतरी वर्षं चालू ठेवलं. म्हणून तहसीलदाराची जीप, कारखान्याच्या चेअरमनची जीप आणि सिनेमातल्या फौजदाराची जीप आपल्या डोळ्यांपुढं एकाच चेहऱ्याची येते.

दहिवडीचे मिस्त्री बघायला आले. वय सत्तरीच्या पुढं, सगळी उमर जीप आणि ट्रॅक्टरखाली गेलेली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, “दादा, आधी कागद दावा. मग पाना उचलू.” चेसिसवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशनं घासून वाचला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला. इंजिनाचाही जुळला. हे जुळलं नसतं तर पुढचं सगळं काम फुकट होतं, कारण नंबर न जुळणारी जीप कितीही देखणी केली तरी रस्त्यावर काढता येत नाही.

मग मिस्त्री हातोडी घेऊन खाली शिरले. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या वीत-वीत अंतरानं वाजवत गेले. चांगलं लोखंड ठणकन वाजतं. आतून सडलेलं भद्द आवाज देतं आणि हातोडी परत उसळत नाही. जिथं आवाज बसका आला तिथं खडूनं फुली. त्या फुल्या नंतर मी नीट बघितल्या तेव्हा जीप कशी उभी होती हेच त्यातून वाचता आलं. गोठ्याकडची बाजू खराब, शेताकडची जवळजवळ कोरी. जनावरांच्या मुतातले क्षार आणि शेणाची ओल त्या बाजूला वर्षानुवर्षं होती. क्षार हवेतला ओलावा ओढून धरतात, पत्रा सुकू देत नाहीत. पाऊस पडून उडून गेला असता. गोठा रोजचा होता. मडगार्डच्या आतल्या घडीत, पायदानाखालच्या दुमडीत, जिथं माती अडकून राहिली तिथंही फुली. आणि जिथं इंजिन-गिअरबॉक्समधून ऑईल गळत होतं, तिथं बोटभर जाडीचा काळा चिकट थर. तो पटाशीनं खरवडला तर खाली कारखान्याचा रंग तसाच चमकत होता.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: गंज काढणं हे दुय्यम काम आहे. पाणी कुठं थांबत होतं हे आधी शोधायचं. ती जागा तशीच ठेवून वरून कितीही भारी रंग मारा, दोन वर्षांत फोड येणार. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते. तो रंगाखाली फुगतो आणि रंग उचलून टाकतो. बाजारात ‘रिस्टोअर’ म्हणून विकायला येणाऱ्या पुष्कळ जीपांचं काम उलट्या क्रमानं झालेलं असतं. आधी रंग, टायर, लायटी. चेसिसकडं कुणी बघतच नाही. सडक्या पत्र्यावर पुट्टीचे लपेटे देऊन चकचकीत केलेली जीप विकणं ही फसवणूक आहे, आणि घेणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. आमचा क्रम मिस्त्रींनी ठरवला: चेसिस, पाटे, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन आणि सगळ्यात शेवटी बॉडी.

खोलण्यात सर्वांत जास्त वेळ बोल्टांनी खाल्ला. जाम बोल्टावर जोर केला की तो तुटतो, आणि तुटलेला तुकडा ड्रिलनं कोरून काढायला अख्खा दिवस जातो. त्याची रीत अशी: आधी तारेच्या ब्रशनं आटे स्वच्छ करायचे, डिझेल पाजून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाना लावला की पहिल्यांदा सोडायचा नाही, किंचित आवळायचा. गंजाची पकड तिथं मोडते. मग अर्धा फेर पुढं, पाव फेर मागं. तरीही नाही हलला तर नट गॅसनं लाल होईस्तोवर तापवायचा, आणि लाली उतरली की त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण पातळ होऊन आट्यात आत ओढलं जातं. हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मानलं नसतं. मात्र आग जवळ आणण्याआधी सीटखालची पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा धोक्याची. टाकीला डाग मारायचा तेव्हाही मिस्त्रींनी आधी ती सोड्याच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळली आणि वेल्डिंगच्या जागेपर्यंत पाण्यानं भरूनच टॉर्च लावली.

लहान सुट्या भागांचा गंज काढायला आम्ही विजेचा उपाय केला. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या ब्रॅकेटला, धन तार नांगराच्या जुन्या फाळाला. दोन्ही पाण्यात बुडवायचे, पण एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत. चार्जर लावला की ब्रॅकेटवरून बारीक बुडबुडे सुटतात, गंज सैल होऊन काळ्या गाळासारखा होतो, ब्रश फिरवला की निघून जातो. चांगलं लोखंड तसूभरही झिजत नाही. फाळ मात्र खात जातो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून पिंप उघड्यावरच ठेवायचं, जवळ विडी पेटवायची नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पाट्यांनाही हा उपाय चालत नाही. हायड्रोजन कडक पोलादात शिरला तर ते ठिसूळ होतं आणि भाराखाली अचानक मोडू शकतं. पाटे सुटे करून हातानंच घासले, प्रत्येक दोन पानांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं.

तळाचा पत्रा मात्र वाचण्यासारखा नव्हता. पायाखालून जमीन दिसत होती. इथं मोह असा होतो की वरून नवीन पत्रा ठोकून मोकळं व्हावं. मिस्त्रींनी सडकं सगळं कापून टाकायला लावलं, चकाकतं लोखंड लागेपर्यंत. दोन पत्र्यांच्या सांध्यात ओल अडकली की गंज तिथूनच परत सुरू होतो. नवा पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा. ट्रॉल्यांना मारतात त्या आर्क वेल्डिंगनं एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, त्यामुळं दहिवडीहून मिग मशीन भाड्यानं आणलं. सलग टाका मारायचा नाही. एक इकडं, एक तिकडं, मध्ये ओलं फडकं ठेवून थंड करायचं. नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकडा होतो आणि तो सरळ करता करता जीव जातो.

सुट्या भागांसाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिरलो. फाउंड्री आणि लेथचा तो परिसर नसता तर आमचं काम अडलं असतं. शॅकलच्या पितळी बुश, स्टिअरिंगच्या बेलक्रँकची पिन हे तिथं नमुना दाखवून करून मिळालं. या जीपांच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बेलक्रँक असतो. स्टिअरिंगची हालचाल त्याच्यातून चाकांकडं जाते. त्याची पिन झिजली की स्टिअरिंग अर्धा हात मोकळं फिरतं, आणि मग लोक सगळा दोष स्टिअरिंग बॉक्सला देतात. आमच्याकडं दोष पिनेचाच निघाला.

कारागिरीचा हा वारसा या पट्ट्यात किती खोल आहे, ते शेजारच्या सांगली जिल्ह्यात साऱ्या देशानं पाहिलं. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. बातम्यांत कौतुक बक्षिसाचं झालं. मला त्यात दिसला तो भात्यापुढं बसून लोखंडाची जात ओळखणारा डोळा. आमच्या मिस्त्रींचाही तोच डोळा. त्यांनी कुठल्या संस्थेत शिक्षण घेतलेलं नाही. त्यांच्याकडचं ज्ञान लिहून ठेवलेलं कुठंही नाही. त्यांच्याबरोबर ते जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून गावातली दोन पोरं मी मुद्दाम या कामाला बसवली.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि मास्टर सिलिंडर एकच; एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून नळ्या, सिलिंडर, लायनर सगळं नवं घातलं. इथं जुन्याचा मोह ठेवायचा नाही. इंजिन धरून बसलं होतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल ओतून ठेवलं आणि बरेच दिवस त्याला हात लावला नाही. मग पुढून हँडल घालून हळूहळू सोडवलं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून जातं, अंगठा मोडत नाही. अण्णांनी हे पोरांना स्वतः दाखवलं. बायपासची शस्त्रक्रिया झालेला माणूस, पण उभं राहायची ढब जुनीच होती.

रंगाचं काम उन्हाळ्याच्या शेवटी काढलं. घासलेलं लोखंड उघडं ठेवलं तर दमट हवेत काही तासांतच लालसर होतं. इथं सवड जास्त मिळते, पण दुपारी वावटळ सुटते आणि ओल्या रंगावर माती बसते. त्यामुळं पहाटे अंगणात सडा मारून धूळ दाबायची आणि ऊन चढायच्या आत एक हात पुरा करायचा. आधी एपॉक्सी प्रायमर, मग रंग. टाकीखाली मूळ रंगाचा पट्टा मिळाला होता, करडा-हिरवा. तोच मिसळून घेतला. बॉनेटवरचा खड्डा मी काढू दिला नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेत गर्दीत खांबाला लागून पडलेला तो खड्डा घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि पत्रा तिथं पूर्ण निरोगी आहे.

कागदांबद्दलही लिहायला हवं, कारण हौशी लोक इथंच फसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरचं, मूळ रूपात राखलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण असं वाहन रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन-रॅली अशा कारणांपुरतंच. आम्हाला जीप शेतात आणि बाजाराला हवी होती, म्हणून साधी फेरनोंदणी केली. ती पाच-पाच वर्षांनी करावी लागते, आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. शिवाय पर्यावरण कर. जुनं वाहन राखणाऱ्यावर हा बोजा आहे, तरी तपासणी हवीच असं माझं मत आहे. सडक्या चेसिसवरचा चकचकीत रंग तिथं तरी उघडा पडावा.

तपासणी झाल्यावर पहिलं खरं काम निघालं ते डोंगराच्या बांधावर कडब्याच्या पेंढ्या पोचवायचं. वाट मुरमाची, उभी चढण. मोठ्या गिअरशेजारी दोन लहान दांड्या असतात. एक ओढली की पुढची चाकंही जोडली जातात, दुसरी टाकली की वेग आणखी उतरतो आणि ओढ अडीच पटींच्या घरात जाते. गाडी माणसाच्या चालीनं वर चढली, चाक एकदाही रिकामं फिरलं नाही. वर पोचल्यावर मिस्त्रींनी सगळ्यात आधी हबांना हात लावून बघितला, मग रेडिएटरला. डावा पुढचा हब जरा जास्त गरम होता. बेअरिंग थोडं सैल करावं लागेल, म्हणाले. ते आणि वायपरची वायरिंग, एवढं मृगाच्या आत उरकायचं ठरलंय.