बिल दिले, पण पैसे कधी?

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराची एका तंबोऱ्यामागे भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत कित्येक दिवसांची मेहनत असते. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव झाले. पण नावावर लाकूडवाल्याची उधारी फिटत नाही. दुकानदार म्हणतो, “वाद्य खपले की पैसे पाठवतो,” आणि कारागीर मान डोलावतो. चूक इथेच होते. ‘खपले की’ ही तारीख नव्हे. माल विकला आहे की नुसता विक्रीसाठी ठेवला आहे, हेही चलनावर लिहिलेले नसते.

साताऱ्यात किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे दुरुस्त करणारे, नकाशे काढून देणारे, हिशेब लिहिणारे स्वतंत्र सल्लागार यांची तऱ्हा वेगळी नाही. त्यांचा तर मालही दिसत नाही. काम झाले की गिऱ्हाइकाची गरज संपते आणि “साहेब गावाला गेलेत” सुरू होते.

ओळखीत कागद कशाला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वास्तविक सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

कायदाही कागदवाल्याच्याच बाजूने उभा राहतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 सालचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत. मात्र ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मोठ्या कारखान्याने ऑर्डरवर 90 दिवस छापले तरी ते चालत नाही. लेखी काहीच नसेल तर मुदत 15 दिवसांची. ती माल पोचल्यापासून मोजतात. म्हणून चलनावर पोच, सही आणि तारीख हवीच.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. एजंटाला पैसे मोजू नयेत. ऑर्डर घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी. अडचण आल्यावर नोंदणी करून जुन्या बिलावर हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली म्हटले होते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते, पण थकबाकीचे हे संरक्षण मिळत नाही. त्यांनी आपली भिस्त करारनामा आणि चेकवर ठेवावी. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे.

पैसे थकल्यास सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. जिल्हा उद्योग केंद्रात माहिती मिळते. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचे असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायद्याने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मिळू शकते. व्याज नको असणाऱ्यांनी त्यापायी हक्काचे मुद्दलही सोडू नये. दावा मुद्दलापुरता मांडता येतो.

आता खरी अडचण. ज्याचे एकच मोठे गिऱ्हाईक आहे, तो त्याच्याविरुद्ध अर्ज करील कसा? कायदा कितीही चांगला असला तरी हे भय खोटे नाही. म्हणून तक्रारीपूर्वीची कामे नीट करावीत. सल्लागाराने शेवटी एक बिल देण्याऐवजी टप्प्याटप्प्याने द्यावे आणि पहिला टप्पा आगाऊ घ्यावा. मुदत संपताच दुसऱ्या दिवशी आठवण द्यावी. सहा महिन्यांनी दिलेली आठवण भीक मागितल्यासारखी वाटते. जुनी बाकी राहिली असेल तर पुढचे काम रोखीने. दरवर्षी हिशेबाचा उतारा पाठवून ‘बाकी कबूल’ अशी सही व तारीख घ्यावी. सर्वसाधारणपणे येणे वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षे असते. मुदत संपण्याआधी अशी सही मिळाली, तर त्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते.