भिंतीतला आरपार दगड

किल्लारीच्या भूकंपावर लेख हवा, पण रडका नको, असं संपादकांनी बजावलं होतं. म्हणून माणसांपेक्षा भिंतींकडेच जास्त बघायचं ठरवून औसा तालुक्यात गेलो.

इतिहास बहुतेकांना पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आत राहिला, लोकांच्या तोंडी मात्र दहा हजारच आहे. भूकंपाच्या नकाशात हा मुलूख तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो विभागच मोडीत निघाला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. ६.२ तीव्रतेचे धक्के जगात दरवर्षी अनेक बसतात, पण त्यांत इतकी माणसं क्वचितच जातात. इथे माणसं दबली ती दगडमातीच्या भिंतींखाली.

मला भेटलेले गवंडी साठी उलटलेले. गावात सगळे त्यांना मिस्त्रीमामा म्हणतात. जुन्या गोठ्याची पडलेली भिंत ते पुन्हा उचलत होते. त्यांनी मला भिंतीच्या तुटलेल्या टोकाशी उभं केलं. “समोरून बघितली तर एक भिंत. इथून बघा, दोन हायेत.”

खरंच दोन होत्या. अडीच फुटी भिंतीत बाहेरच्या अंगाला एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे, माती. बाहेरचे दगड तोंडाला छान घडलेले, पण मागे निमुळते होत गेलेले. शोभा सगळी दर्शनी बाजूला, पकड कुठेच नाही. दोन्ही रांगा शेजारी उभ्या, पण एकमेकींना धरून नाहीत.

बांधकामाचं मूळ तत्त्व तसं साधं आहे. दगड आणि वीट दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून भिंत ओळंब्यात हवी, म्हणजे वजन सरळ पायात उतरतं. वरच्या थरातला दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवायचा, म्हणजे चीर वरपासून खालपर्यंत सरळ धावत नाही. ही सांधेमोड कोणताही शिकाऊ गवंडी पाळतो, कारण ती समोरून दिसते. भिंतीच्या जाडीतली सांधेमोड दिसत नाही, आणि पाळलीही जात नाही.

तिच्यासाठी लागतो आरपार दगड: एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचणारा, दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवणारा. कमकुवत बांधकामासाठीचं भारतीय मानक सांगतं की दर ६० सेंटिमीटर उंचीला असे दगड घाला आणि दोहोंत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. एवढा लांब दगड नसेल, तर जाडीच्या पाऊणपट लांबीचे दोन दगड शेजारी उलटसुलट ठेवा. भिंतही ४५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा, जाड नको. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत या आपल्या समजाला हे अगदी उलटं आहे.

आरपार दगड नसला की भूकंपाची वाटही बघावी लागत नाही. पावसाचं पाणी मुरतं, मधली माती फुगते, भिंतीला पोट येतं. धक्का बसला की मधला भराव खाली दबत पाचरीसारखं काम करतो. बाहेरची रांग अंगणात पडते, आतली झोपलेल्यांवर. काही घरांत लाकडी खांब-तुळयांवरचं माळवद तसंच उभं राहिलं आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. खांबांचे सांधे सुटले तिथे माळवदावरची फूट-दोन फूट माती खाली आली.

मामा हे सगळं शिकले भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामांवर. उभ्या भिंतीत आरपार दगड मागाहून घालण्याची एक रीत आहे, आणि मला तीच सगळ्यांत आवडली. पहारीनं हळूहळू एक दगड सैल करून काढायचा. हातोडा मारायचा नाही, नाहीतर शेजारचेही हलतात. मग मधला भराव हातानं उकरत पलीकडच्या रांगेपर्यंत जायचं. भोक दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि निदान दहा दिवस पाणी मारायचं. डमरूची रुंद तोंडं दोन्ही रांगांना बाहेर सरकू देत नाहीत. मामांनी भोकात कोपरापर्यंत हात घालून दाखवला. विंचवाची भीती नाही वाटत का, विचारलं, तर म्हणाले, “आधी काठी फिरवायची.”

रीत स्वस्त आहे, सोपी आहे. तरी ती पसरली नाही, याची कारणं मात्र सोपी नाहीत. भूकंपानंतर दगडावरूनच लोकांचं मन उडालं. ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला. उरलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चढला. पोट आलेली भिंत त्यानं झाकली गेली, धरली गेली नाही. लांब दगडही आता सहज मिळत नाहीत, कारण खाणीतला काळा दगड थेट क्रशरला जातो. नव्या घरांत ब्लॉक आले, पण जोत्याला, लिंटेलला, छताखाली चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा पुष्कळदा फक्त दारं-खिडक्यांपुरताच असतो. तुकड्यातुकड्यांचा पट्टा कोपरे काय धरणार?

सगळ्यांत अवघड गोष्ट हिशेबाची. दगडी बांधकामाची मजुरी ठरते ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. आरपार दगड हुडकण्यात, घडवण्यात, दोघांनी उचलून बसवण्यात वेळ जातो आणि ब्रास वाढत नाही. गोटे-माती भरली की ब्रास लगेच भरतो. सरकारी कामांवर अशा दगडांच्या तोंडांना रंगाची खूण करायला सांगतात, म्हणजे साहेबाला मोजता येतात. घरगुती बांधकामावर मोजायला कोण येणार? गोठ्याच्या मालकानं मामांना रोजावर बोलावलं होतं, म्हणून ते ढिगाऱ्यातले दगड उलथेपालथे करत बसू शकत होते.

पलीकडच्या शेतात कुंपणाची भिंत चालू होती, ब्रासच्या दरानं. तिथल्या तरुण मिस्त्रीला विचारलं, यात आरपार दगड किती घातलेत? त्यानं छातीएवढ्या आलेल्या भिंतीवर थापी ठेवली. “घालू की,” म्हणाला, “वरच्या थरात.”