पातळ आहार कशासाठी?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पातळ आहार देतात तो वजन आणखी झपाट्याने उतरावे म्हणून, असा समज सर्रास आढळतो. त्यामुळे पोटावरचे टाके सुकले की घरची माणसे मायेने पोळी-भाजी वाढतात. खरे कारण वेगळे आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमीत (जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करणे) आत एक लांब शिवण असते. नव्या स्लॅबचा पृष्ठभाग दुसऱ्या दिवशी कडक दिसतो, तरी खालचे टेकू कोणी काढत नाही. या शिवणीचेही तसेच आहे. घट्ट अन्नाचा दाब पेलण्याइतकी ती भरायला काही आठवडे जातात.

म्हणून साधारण पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. नेमके दिवस शल्यचिकित्सकच ठरवतात.

घन अन्न सुरू झाले की पहिला मान प्रथिनांचा: घट्ट वरण, पनीर, अंडे, वाफवलेला मासा. जागाच थोडी, ती भाताने भरली तर स्नायू झिजतात. पोळी नीट चावली नाही तर तिचा गोळा अडकतो, म्हणून ती उशिरा आणि अगदी लहान घासांनी. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे.

घास अडकल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे. ताप, छातीत धडधड किंवा वाढती पोटदुखी असेल तर मात्र घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे.