जुनी विंडोज, उघडे दार
१२ मे २०१७. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक एकामागून एक अडकले. पडद्यावर लाल चौकट आणि उलटी मोजणी: ३०० डॉलरचे बिटकॉइन भरा, नाहीतर फायली विसरा. रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या.

हा हल्ला करणारा ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्रॅम विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून शिरला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. विंडोज एक्सपीची देखभाल तर २०१४ मध्येच थांबलेली. तिला दुरुस्ती मिळाली ती हल्ला झाल्यावर.

देखभाल संपली तरी संगणक चालतच राहतो, म्हणूनच माणूस गाफील राहतो. नव्याने सापडलेल्या त्रुटी मात्र तशाच उरतात.

विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तुमच्या दुकानात, शाळेत तीच असेल, तर आधी फायलींचा बॅकअप घ्या आणि नव्या आवृत्तीकडे वळा.