पवनचक्कीचा आवाज : निरीक्षण आणि अनुमान



या शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी प्रयोगाच्या वह्या लिहिल्या. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे त्यांतील रकाने. निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिले की वही परत मिळे. आजच्या विषयाकडे मी त्याच शिस्तीने पाहणार आहे.

बेळगावहून पुण्याकडे जाताना साताऱ्याच्या परिसरात डोंगरमाथ्यावरील पवनचक्क्या आपण पाहतो. चाळकेवाडी-वनकुसवड्याचे पठार त्यांच्यामुळेच सर्वांना ठाऊक झाले. आपल्या पूर्वेस गदगकडेही त्या उभ्या आहेत. रस्त्याने जाणाऱ्यास त्या नि:शब्द भासतात. ज्याचे घर त्यांच्या पायथ्याशी आहे, त्याचा अनुभव निराळा असू शकतो. अशा शेजाऱ्यांना निद्रानाश, डोकेदुखी, भोवळ, छातीत धडधड असे त्रास होतात आणि त्याचे कारण कानाला ऐकू न येणारा ध्वनी हे होय, असे प्रतिपादन गेली काही वर्षे जगभर होत आहे. उलट पक्षी, हा सारा मनाचा खेळ आहे, असेही सांगितले जाते. या दोन्ही मतांत निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ झाली आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम ध्वनीविषयी. माणसाच्या कानास साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. २० हर्ट्झखालील ध्वनीस अवश्राव्य म्हणतात. तीन पात्यांची मोठी पवनचक्की मिनिटास १५ फेरे घेत असेल, तर मिनिटात ४५ वेळा एकेक पाते मनोऱ्यासमोरून जाते. म्हणजे कंप्रता पाऊण हर्ट्झ. तेव्हा पवनचक्की अवश्राव्य ध्वनी निर्माण करते, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. समुद्राच्या लाटा, मेघगर्जना, खुद्द वारा आणि खिडकी उघडी ठेवून धावणारी मोटार, हे सर्व अवश्राव्य ध्वनीचे उगम आहेत. १० हर्ट्झच्या ध्वनीची जाणीव होण्यास तो सुमारे ९५ डेसिबल असावा लागतो. काही शे मीटरवरील घरात पवनचक्कीचा असा ध्वनी त्याहून पुष्कळच क्षीण असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, पवनचक्क्यांजवळील घरांतील अवश्राव्य ध्वनीची पातळी अन्य ठिकाणांपेक्षा अधिक आढळली नाही.

मग ही शंका आली कोठून? तिला एक खरा इतिहास आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातील बून गावाजवळच्या टेकडीवर १९७९ मध्ये 'मॉड-१' ही २ मेगावॅटची प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली. तिची पाती मनोऱ्याच्या मागे, म्हणजे वारा मनोरा ओलांडून जातो त्या बाजूस होती. मनोऱ्यामुळे विस्कळीत झालेल्या हवेतून पाते जाताच धप् असा ठोका निघे. सुमारे डझनभर कुटुंबांनी तक्रार केली. संशोधकांनी उपकरणे लावून मोजले आणि तक्रार सार्थ ठरली. आजच्या मोठ्या पवनचक्क्यांची पाती मनोऱ्यापुढे, वाऱ्याच्या तोंडाशी बसवलेली असतात. थोडक्यात, शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि मोजून पाहिले, म्हणूनच दोषाचे मूळ सापडले.

पुढे २००९ मध्ये नीना पिअरपाँट या अमेरिकन डॉक्टर महिलेने 'विंड टर्बाइन सिंड्रोम' हे पुस्तक लिहिले. त्याचा आधार होता १० कुटुंबांतील ३८ व्यक्तींची माहिती. ही कुटुंबे मुळातच त्रस्त म्हणून निवडलेली होती, आणि पवनचक्कीजवळ राहूनही त्रास नसलेल्या कुटुंबांशी त्यांची तुलना झाली नव्हती. म्हणजे निरीक्षण अपुरे होते आणि अनुमान मात्र दूरवर पोहोचले होते.

त्या अनुमानाची परीक्षा पुढे अनेकांनी घेतली. सिडनी विद्यापीठाच्या सायमन चॅपमन यांनी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ५१ पवनऊर्जा प्रकल्पांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३३ ठिकाणी आवाजाची वा आरोग्याची एकही तक्रार आली नव्हती. साऱ्या देशात तक्रारदार १२९. त्यांतील ९० टक्क्यांनी पहिली तक्रार केली ती २००९ नंतर, म्हणजे रोगाची चर्चा पसरू लागल्यावर. न्यूझीलंडमध्ये फिओना क्रिक्टन यांनी ५४ स्वयंसेवकांना खरा आणि खोटा, म्हणजे प्रत्यक्षात सोडलाच नाही असा, अवश्राव्य ध्वनी प्रत्येकी १० मिनिटे दिला. ज्यांना आधी भीतिदायक चित्रफीत दाखवली होती, त्यांना दोन्ही वेळा लक्षणे जाणवली. यातून भीती स्वत:च लक्षणे उत्पन्न करू शकते, हे दिसले. त्या माणसाची डोकेदुखी मात्र खोटी नसते, हे विसरू नये.

दहा मिनिटांचा प्रयोग अपुरा, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून मिळाले. आवाजाला विशेष संवेदनशील अशा ३७ निरोगी प्रौढांना सलग ७२ तास अवश्राव्य ध्वनीत ठेवण्यात आले. दुसऱ्या खेपेस तो असल्याचा केवळ आभास निर्माण केला आणि तिसऱ्या खेपेस रहदारीचा आवाज ऐकवला. अवश्राव्य ध्वनीचा शरीरावर वा मनावर कोणताही परिणाम आढळला नाही. रहदारीच्या आवाजाने मात्र झोप बिघडली.

येथे विषय संपला असे मानणे ही दुसरी चूक ठरेल. कारण पवनचक्कीचा ऐकू येणारा आवाज शिल्लक उरतो. पाती हवा कापताना 'सूं... सूं...' असा चढउताराचा आवाज येतो, आणि एकसुरी आवाजापेक्षा चढउताराचा आवाज मनास अधिक टोचतो. शिवाय रात्री जमिनीलगतचा वारा पडला तरी उंचावर तो वाहतच असतो. अंगणात झाडाचे पान हलत नाही, वर पाती मात्र फिरत असतात. आवाज झाकण्यास पानांची सळसळही नसते. व्हॅन डेन बर्ग या डच भौतिकशास्त्रज्ञाने २००४ मध्ये हे मोजून दाखवले. दिवसा मोजणी करून परतणाऱ्या तपासनिसास रात्रीची तक्रार म्हणूनच अनाकलनीय वाटते.

कॅनडाच्या आरोग्य विभागाने १,२३८ घरांतून माहिती घेऊन २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पवनचक्कीच्या आवाजाचा निद्रानाश, आजार किंवा ताण यांच्याशी संबंध आढळला नाही. परंतु आवाज वाढला तसा लोकांचा त्रागा मात्र निश्चित वाढलेला दिसला. नेदरलँडमधील ७२५ जणांच्या पाहणीत आणखी एक मार्मिक गोष्ट आढळली : ज्यांना पवनचक्कीपासून आर्थिक लाभ होता, त्यांना त्याच आवाजाचा फारसा त्रास वाटत नव्हता. वीज दूरच्या शहरास आणि आवाज तेवढा आपल्या वाट्यास, ही जाणीवही कानात शिरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये पवनचक्क्यांच्या आवाजासाठी दिवस-रात्र मिळून काढलेल्या भारित सरासरीची ४५ डेसिबल ही मर्यादा सशर्त सुचवली. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितले आहे. हे आकडे कागदावर न राहता शांत रात्री, तक्रारदाराच्या दारात मोजले गेले पाहिजेत.

वहीचे दोन रकाने आता भरू. निरीक्षण : काही शेजाऱ्यांना त्रास होतो. अनुमान : तो ऐकू न येणाऱ्या ध्वनीमुळे होतो, यास पुरावा नाही, ऐकू येणारा आवाज, पसरलेली भीती आणि डावलले गेल्याची भावना यांमुळे होतो, यास आहे. आपल्यापैकी कोणी उद्या अभियंता, डॉक्टर वा अधिकारी म्हणून अशा गावी जाईल. तेथील वृद्धाने 'रात्री डोळ्याला डोळा लागत नाही' असे सांगितल्यास अनुमान चुकीचे म्हणून त्याचे निरीक्षण खोडू नये. आवाज मोजावा, भीती दूर करावी, लाभात वाटा द्यावा. प्रयोगाच्या वहीने आपल्याला शिकवलेला विवेक तो हाच.